सकुबाईचा जबाब

"हात नका लावू कोणी, नुसतं बघा," म्हणत सकुबाईने रुईचं पान अलगद उलटं केलं. पानाच्या पाठीला काळ्या-पिवळ्या पट्ट्यांची अळी चिकटली होती. पाच डोकी एकदम खाली वाकली.

"याचं फुलपाखरू कधी होईल हो, ताई?" सतीशने विचारलं.

"कोष कराची वेळ आलीय. अजून दहा-बारा दिवस. तांबूस पंखांचा व्हईल बघा."

सतीश कल्याणच्या एका बँकेत कारकून होता. जाडजूड, चालताना धापा टाकणारा. पण फुलपाखरू दिसलं की सगळ्यांच्या पुढे पळायचा. त्याच्यासारख्या हौशी लोकांना आसनगावच्या रत्नप्रभा मॅडम रविवारी रानात आणत. शाळेतून निवृत्त झालेल्या या बाईंना सकुबाई मुरबाडच्या बाजारात भेटली होती, रानभाजी विकताना. कुठल्या पानावर कुठली अळी चरते हे तिला तोंडपाठ आहे, हे कळल्यावर मॅडमनी तिला सोडलंच नाही. गेली तीन वर्षं भादव्यापासून दिवाळीपर्यंत सकुबाई पुढे आणि शहरातली माणसं मागे, असं चाललं होतं. तिचा पोरगा ओमकार हसायचा. "आये, किडे दाखवाला चाललीस?" म्हणायचा. तीही हसायची.

त्या रविवारी ती मंडळींना घेऊन म्हसा गावापलीकडच्या एका पाड्याजवळ, माळावर आली होती. तिच्या गावापासून हा पाडा चार कोस लांब. इथे तिला ओळखणारं कोणी नव्हतं.

शेजारच्या बांधावरून पाच वर्षांची एक पोर धीट होऊन जवळ आली. घाणेरीच्या उंच झुडपावर एक मोठं काळं-निळं फुलपाखरू बसलं होतं, ते तिला दिसेना. सतीशने तिला उचलून खांद्यावर घेतलं. मग कॅमेऱ्यात फोटो दाखवला, खिशातली गोळी दिली. पोर खुदकन हसली.

तेवढ्यात गवत कापणारी तिची आजी ओरडत आली. "कोन रं तुमी? माजी पोर सोड!"

रत्नप्रभा मॅडम समजवायला पुढे झाल्या, पण म्हातारी ऐकायला थांबलीच नाही. पोरीला ओढत ती पाड्याकडे पळाली. पलीकडच्या बांधावर कुणीतरी मोबाइल उंच धरून यांचे फोटो काढत होतं. आठवडाभर सगळ्यांच्या मोबाइलवर एकच निरोप फिरत होता: पोरं पळवणारी टोळी आलीय, गळ्यात कॅमेरे असतात.

"चला, मॅडम," सकुबाई म्हणाली. "आता हितं थांबाचा नाय."

रस्ता गाठेपर्यंत मोटारसायकली आडव्या आल्या. पाड्यातले गडी काठ्या घेऊन धावत आले. सगळ्यांत पुढे होता त्याला बाकीचे 'जगन, जगन' म्हणून हाका मारत होते. त्याने सतीशची पिशवी हिसकावून उलटी केली. पांढरी जाळी खाली पडली.

"ह्याच्यात घालून नेतात पोरांना!"

"अरे, फुलपाखरांची जाळी आहे ती," मॅडम ओरडल्या. त्यांना कुणीतरी ढकललं, त्या गटारात पडल्या. बाकीचे तिघे पळाले. सतीशला पळता येईना.

तेव्हा सकुबाईला हॉर्न ऐकू आला. ओमकारच्या पिकअपचा. भाजी पोचवायला तो याच रस्त्याने जायचा. तिचा जीव भांड्यात पडला. आपला पोरगा आला, आता सगळं निवळेल.

"ओमकार! ओमकार रे!" ती गर्दीच्या मागून ओरडली. गलक्यात तिचा आवाज कुणाच्याच कानावर गेला नाही.

ओमकार गाडीतून उतरला. "पोर पळवत होता भडवा," जगनने त्याला सांगितलं. ओमकारने एक शब्द विचारला नाही. कुंपणाचा खुंटा उपटला आणि गर्दीत घुसला. सतीश गुडघ्यावर बसून हात जोडत होता. खुंटा त्याच्या डोक्यावर बसला. नारळ फुटावा तसा आवाज सकुबाईने ऐकला. रक्ताची धार त्याच्या चष्म्यावरून खाली आली. मग लाथा, दगड, काठ्या.

ती कशी आत शिरली ते तिला कळलं नाही. ती सतीशवर पालथी पडली. पाठीत दोन लाथा बसल्या. पुढचा घाव तिने उजवा हात वर करून झेलला. हाड मोडलं. तिने मान वळवून वर बघितलं.

"आये?"

खुंटा खाली पडला. ओमकारचं तोंड पांढरं झालं होतं. "आये, तू... तू हितं काय करतस?"

"किडे दाखवाला आलीया," ती म्हणाली.

गर्दी मागे सरली. ओमकार गाडीत बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात हवालदार आला. त्याआधीच महिपत, तिचा नवरा, खाटेला चिकटून बसला होता. "डोळ्यापुढं अंधारी आली म्हण," तो कुजबुजला. "आपल्याला एकच पोरगा हाय, सकू."

"कोण कोण होतं, बाई?" हवालदाराने विचारलं.

"नाय दिसला," सकुबाई म्हणाली.

तिसऱ्या दिवशी सतीश गेला.

दहा-बारा दिवसांनी रत्नप्रभा मॅडम काठी टेकत घरी आल्या. सोबत सतीशची बायको, श्वेता. महिपत उठून मागच्या दाराने निघून गेला. श्वेता ओट्यावर बसली. मग एकदम वाकून तिने सकुबाईचे पाय धरले.

"तुम्ही त्यांच्यावर आडव्या पडलात," ती म्हणाली. "तेवढ्या गर्दीत कुणीतरी होतं त्यांचं."

सकुबाईने पाय मागे ओढून घेतले, विस्तवावर पडल्यासारखे.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एसटीत बसून एकटीच मुरबाडला गेली. पोलीस ठाण्यात तोच हवालदार होता.

"लिवा," ती म्हणाली. "मी खोटा बोलली व्हती. मला सगळा दिसला."

त्याने कागद पुढे ओढला. "नाव सांगा. पहिला फटका कोणी मारला?"

"ओमकार महिपत."

हवालदाराने पेन थांबवलं. "आडनाव?"

"माजाच लिवा. माजा पोरगा हाय त्यो."

मग तिने जगनचंही नाव सांगितलं. उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून डाव्या हाताचा अंगठा दिला.

ओमकार मामाकडे लपला होता. त्याला पकडून दुपारी जीप गावात आणली, घरातून कपडे घ्यायला. बाया दारात उभ्या राहिल्या. कुणीतरी सकुबाईच्या दिशेने थुंकलं. महिपतने कपड्यांची पिशवी जीपमध्ये दिली आणि तिच्याकडे न बघता आत जाऊन बसला. ती जीपच्या मागे येऊन उभी राहिली. जाळीच्या आत ओमकारच्या हातांत बेड्या होत्या. त्याची दाढी वाढली होती. तो बराच वेळ तिच्या प्लास्टरकडे बघत राहिला.

"दुखतो का गो, आये?"

आत हाड ठणकत होतं.

"नाय रे," ती म्हणाली. "तू जेवलास का?"

ड्रायव्हरने गाडी सुरू केली. ओमकारचे ओठ हलले, पण इंजिनाच्या आवाजात त्याचं उत्तर तिला ऐकू आलं नाही.