उस्ता शुक्रींचा अंगठा

"स्प्रिंगा किती देऊ, उस्ता? आठच्या आठ?" सुट्या भागांच्या दुकानातल्या सानियाने विचारलं. टॅक्सीच्या इंजिनाचे नवे व्हॉल्व्ह, गाइड, सील तिने काउंटरवर आधीच ओळीने मांडून ठेवले होते.

"एकही नको."

"बघा हं. सगळं नवं आणि स्प्रिंगा तेवढ्या जुन्या? म्हणजे नवरी नवी आणि जोडे आजीचे."

गल्लीतले उस्ताद मेकॅनिक, उस्ता शुक्री यांनी खिशातून जुन्या स्प्रिंगा काढल्या आणि एकेक काउंटरवर उभी करून डोळे मिटून अंगठ्याने दाबली. दुकानातली गिऱ्हाइकं बघायला सरसावली. अलेक्झांड्रियाच्या त्या अख्ख्या गॅरेजगल्लीत या अंगठ्याचा काय दबदबा होता म्हणून सांगू! दुसरे मेकॅनिकसुद्धा स्प्रिंगा घेऊन यायचे, आणि उस्ता नुसतं दाबून सांगायचे, ही चालेल, ही फेक. चाळीस वर्षं.

"ठणठणीत आहेत," उस्ता म्हणाले.

टॅक्सी त्यांच्या बालमित्राची, जलालची. "सगळं नवं घाल, पोरगी याच गाडीतून सासरी जायचीय," असं त्याने बजावलं होतं. मग लगेच म्हणाला होता, "बाकी तुझा अंगठा सांगेल तसं."

आणि अंगठा चुकला.

दमनहूरला, सासरगावी जाणाऱ्या रस्त्यावर वरात ऐन रंगात आली होती. ट्रकला मागे टाकायला जलालने वेग वाढवला, तशी टॅक्सी खोकायला लागली. मागच्या गाड्यांचे भोंगे आनंदाचे की वैतागाचे, काही कळेना. शेवटी रुखवताच्या गाद्या आणि भांडी लादलेल्या पिकअपमध्ये, ड्रायव्हरशेजारी बसून नवरी सासरी पोचली. अंगात पांढराशुभ्र झगा आणि मांडीवर प्रेशर कुकर.

दुसऱ्या दिवशी कहवाखान्यात जलालच सगळ्यांना सांगत होता, "भेसळीचं पेट्रोल, दुसरं काय! शुक्रीच्या कामात कधी खोट असते का?"

सगळे उस्तांकडे वळले.

"हो," उस्ता म्हणाले, "हल्ली पेट्रोल तसलंच."

हळू चालताना शहाणी आणि वेगात खोकणारी गाडी म्हणजे काय, हे त्यांना ठाऊक नव्हतं थोडंच? दमलेल्या स्प्रिंगा. व्हॉल्व्ह वेळेवर मिटतच नाहीत.

"टाकी धुऊन देतो," म्हणत त्यांनी टॅक्सी मागून घेतली. हे दुसरं खोटं. इंजिनाचं हेड पुन्हा उतरवलं. गॅरेजच्या खिडकीची काच काढून बाकावर आडवी ठेवली, आठही स्प्रिंगा तिच्यावर उभ्या केल्या आणि वर पोलादी पट्टी टेकवली. तीन स्प्रिंगांना पट्टी शिवलीच नाही. नखाएवढी फट; त्या दबून दबून आखूड झाल्या होत्या.

इतकं सोपं होतं. एक काच, एक पट्टी.

ते सानियाकडे गेले. "आठ दे." तिने मुकाट्याने आठ स्प्रिंगा बांधून दिल्या. तिने एखादा टोमणा मारला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटलं.

गाडीतून काढलेला जुना भाग मालकाच्या हातात द्यायचा, ही गल्लीची रीत. टॅक्सी दुरुस्त झाल्यावर उस्ता भरल्या कहवाखान्यात शिरले आणि त्या तीन स्प्रिंगा त्यांनी जलालच्या तळहातावर ठेवल्या.

"पेट्रोल चांगलं होतं," ते म्हणाले. "यातली एक दाबून बघ."

जलालने दाबली. "मला यातलं काय कळतंय?"

"मलाही कळलं नव्हतं. तरी सांगितलं."

शेजारच्या टेबलावरचा सोंगट्यांचा खडखडाट थांबला. जलालने स्प्रिंगा मुठीत मिटल्या.

"पोरगी हसत होती रे," तो म्हणाला. "कुकर मांडीवर घेऊन."

उस्तांना बरं वाटावं म्हणूनच तो बोलला होता. तेच जास्त लागलं.

पुढच्या आठवड्यात शेजारच्या गॅरेजचा मेकॅनिक स्प्रिंग घेऊन आला. "दाबा ना जरा, उस्ता."

उस्तांनी हात फडक्याला पुसला, बराच वेळ पुसला. मग बाकावरची काच त्याच्यापुढे सरकवली.

गॅरेजच्या त्या खिडकीला अजून पुठ्ठाच लावलेला आहे.