आधी चादर, मग नंबर

साल एकोणीसशे बासष्ट. तेव्हा परगावी फोन आपल्या बोटाने लागत नसे. मध्ये एक बाई बसलेली असे. तिला गाव आणि नंबर सांगायचा, आणि मग ती मनात येईल तेव्हा जोडून देई.

अशीच एक ट्रंक ऑपरेटर त्या संध्याकाळी जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरून ओणवी झाली होती. चाळिशीला टेकलेली, बिनलग्नाची, भावाच्या घरात राहणारी. वहिनी ताटं घेऊन ताटकळत उभी होती. शेवटी दादाने भाजीचं पातेलं उचललं आणि सरळ नकाशावर आणून ठेवलं.

"दादा, तेल लागेल त्याला."

"लागू दे. हे घर आहे, विमानतळ नाही. पाच वर्षं झाली, हे खूळ अजून कुठवर न्यायचंय?"

"आणखी दोनशे मैल."

वहिनीला हसू आलं. तिने ते पदराआड दाबलं.

त्याचं असं होतं, की गावाबाहेरच्या फ्लाइंग क्लबात दोन माणसांचं एक जुनं विमान होतं, आणि ते चालवायला ही सुट्टीच्या दिवशी शिकत होती. क्लबात तिला सगळे हॅलोबाई म्हणत. लायसनसाठी आता एकच गोष्ट उरली होती: कुणालाही सोबत न घेता लांबच्या गावी जायचं, तिथे उतरून सही घ्यायची आणि परत यायचं. पण क्लब बंद पडत होता. विमान विकलं गेलं होतं, महिनाअखेरीला नवे मालक ते घेऊन जाणार होते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

"तुला कशाला लागतंय गं लायसन?" दादाने विचारलं.

"इतकी वर्षं मी गावं जोडतेय दादा. त्यातलं एक तरी गाव बघितलंय का मी? जोडायचं मी आणि जायचं दुसऱ्यांनी?"

क्लबातले शिक्षक, ज्यांना सगळे मास्तर म्हणत, ते तापट पण सरळ होते. त्यांनी तिची नकाशावरची रेघ पाहिली आणि कपाळाला हात लावला.

"बाई, ही माळावरून नेलीत तुम्ही. इथे नदी नाही, रूळ नाहीत, काही नाही. माणूस हरवतो इथे. रुळांवरून जा."

"रूळ डोंगरातून जातात मास्तर. तिथे ढग बसलेत गेला आठवडाभर. शिवाय माळाच्या मधोमध एक गाव आहे."

"ते गाव? वरून पाटीवर सांडलेल्या खडूएवढंही दिसत नाही ते. काही खूण आहे का त्याला?"

"विचारते," ती म्हणाली.

आणि तिने खरंच विचारलं. त्या गावच्या एक्स्चेंजवर एक ऑपरेटर होती. दोघी वर्षानुवर्षं रोज बोलत, पण एकमेकींचं तोंड कधी पाहिलं नव्हतं. हॅलोबाई तिला माळीण म्हणे, कारण ती माळावरची.

"माळिणी, तुझ्या गावाची एखादी ठळक खूण सांग."

"खुणा हव्या तेवढ्या! बाजारात उंच घड्याळ आहे. शाळेच्या दारावर दगडी सिंह आहेत. आणि आमच्या दातांच्या डॉक्टरची पाटी तर अशी आहे, की आंधळ्यालाही दिसेल."

हॅलोबाईने सगळं नकाशावर टिपून मास्तरांना दाखवलं. मास्तर डोळ्यांत पाणी येईतो हसले. "अहो, वरून घड्याळाचं टोपण दिसतं! सिंहाची पाठ दिसते! पाटी तर दिसतच नाही!"

तिने पुन्हा प्लग खोचला. "वरून काय दिसतं ते सांग गं."

"मला काय माहीत? मी काय घार आहे? वरून गच्च्या दिसत असतील." मग तिला सुचलं. "गच्चीवर चादर टाकली तर दिसेल?"

"एक चादर? कठीण आहे."

"बरं. बघते मी. तू तारीख सांग."

एवढ्यात हॅलोबाईच्या पाठीशी मोठ्या बाई येऊन उभ्या राहिल्या. मोठ्या बाई म्हणजे सुपरवायझर. "ट्रंक लाइनवर खाजगी गप्पा? रिपोर्ट करू का?"

"करा ना," ती हेडफोन न काढता म्हणाली, "फक्त तारखेच्या आधी नको. मला सुट्टी हवीये."

तो दिवस उजाडला. ती दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होती. दादाने वर्तमानपत्रातून डोकं बाहेर काढलं नाही.

"गेलीस, तर संध्याकाळी हे दार वाजवायचं नाही. मग सांगितलं नव्हतं म्हणू नकोस."

तिने वहिनीकडे पाहिलं. वहिनी परातीत पीठ मळत होती. तिने मान वर केली नाही.

"नाही वाजवणार," ती म्हणाली, आणि दुसरी नाडी जरा घट्टच बांधली.

माळावर आल्यावर धुळीचा पडदा लागला. वारा बाजूने ढकलत होता. खाली तेच ते करडं रान, जणू विमान एका जागी टांगून ठेवलंय. गाव यायची वेळ झाली. गाव आलं नाही. आणखी थोडा वेळ गेला, तरी नाही. मास्तरांनी बजावलं होतं, शंका आली की निमूट उजवीकडे वळून रूळ गाठायचे आणि त्यांच्यावरून परत फिरायचं. दादाचा चेहरा डोळ्यांपुढे आला, आणि तिला भीतीपेक्षा रागच जास्त आला. समोरचं घड्याळ बघून तिने स्वतःला बजावलं, "मोठा काटा तीनवर येईपर्यंत. मग वळायचं. त्यात लाज नाही."

काटा तीनवर टेकतच होता, तेव्हा डावीकडे दूर काहीतरी पांढरं चमकलं. तिला वाटलं, मिठागर आहे. मग वाटलं, तळं. जवळ गेली तर गाव! अख्खं गाव पांढरं. एकूण एक गच्चीवर चादर. शाळेवर, दवाखान्यावर, पिठाच्या गिरणीवर. ती एकटीच विमानात मोठ्याने हसली. वाऱ्याने आपल्याला किती ढकललंय ते तिला कळलं. तिने विमानाचं नाक सरळ केलं, पंख हलवले आणि पुढे गेली. लांबच्या गावी उतरली, सही घेतली, त्याच वाटेने परत आली. येताना गच्च्या अजून पांढऱ्याच होत्या.

मास्तरांनी पाठीवर थाप मारली. "जा आता घरी, सांगा सगळ्यांना."

घरी जायचं नव्हतं. ती तशीच धुळीने भरलेली एक्स्चेंजवर गेली आणि एका मोकळ्या बोर्डापाशी बसून माळावरच्या गावाची लाइन जोडली. सुट्टी असून का आलीस, असं मोठ्या बाईंनी विचारलं नाही.

"दिसलं का गं?" माळीण ओरडलीच.

"सगळं गाव दिसलं! हे केलंस कसं?"

"त्यात काय? सकाळपासून ज्याने फोन उचलला त्याला सांगितलं, आधी चादर, मग नंबर. दातांचा डॉक्टर भांडला. म्हटलं, भांडा, लाइन माझ्या हातात आहे. पोलीस ठाण्यातला साहेब म्हणाला, चादर नाही. सतरंजी टाकायला लावली त्याला! लाल ठिपका दिसला असेल बघ."

"दिसला हो," हॅलोबाई म्हणाली. तिला दिसला नव्हता.

त्यानंतर काय काय झालं तेही सांगते. विमान पिकांवर औषध फवारणाऱ्या लोकांनी नेलं. मास्तरांची नजर अधू झाली. तरी आवाज ऐकून ते विमान ओळखत. पुढे आपोआप जोडणारी एक्स्चेंजं आली. माळीण लग्न करून कुठल्या तरी बिनफोनच्या गावी गेली. त्या दोघींची भेट शेवटपर्यंत झाली नाही. हॅलोबाईला लायसन मिळालं, पण चालवायला विमान पुन्हा मिळालं नाही. तिने एक्स्चेंजच्या मागे एक खोली घेतली आणि निवृत्त होईतो ग्राहकांच्या तक्रारी ऐकल्या. दादाने शब्द पाळला. तिनेही पाळला.

दादा गेल्यावर त्याच्या मुलांनी घर विकलं. त्यानंतर एका दुपारी वहिनी हातात एकच पिशवी घेऊन तिच्या खोलीच्या दाराशी आली. उंबऱ्याबाहेरच थांबली.

"मी तेव्हा काही बोलले नाही गं," ती म्हणाली.

हॅलोबाईने तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि खाटेवर ठेवली. स्टोव्हवर चहाचं आधण होतं. त्यात तिने आणखी एक कप पाणी ओतलं.