माझ्यावरून काही खाली पडत नाही

माझ्या अंगावरचे ओरखडे मोजू नका, मित्रांनो. ते पुष्कळ आहेत आणि उजव्या कोपऱ्यात तेलाचा एक डागही आहे. मोजायचंच असेल तर गेल्या चाळीस वर्षांत माझ्यावरून किती वस्तू जमिनीवर पडल्या, ते मोजा. एकही नाही! मी एका घड्याळजींचं जुनं टेबल आहे आणि मला या गोष्टीचा गर्व आहे. गर्व करू नये म्हणतात. ज्यांच्यावरून चमचे आणि पेले रोज घरंगळतात, त्या जेवणाच्या टेबलांनी तो करू नये. मी करणार.

साध्या टेबलापेक्षा मी चांगला वीतभर उंच आहे. खुर्चीत बसलेल्या माणसाच्या छातीला लागतो. घड्याळ दुरुस्त करणाऱ्याला मान मोडून काम करावं लागू नये, म्हणून ही उंची. माझ्या तीन बाजूंना चार बोटं उंचीच्या कडा आहेत. चौथी बाजू मोकळी, तिथे घड्याळजी बसायचे. त्या बाजूला माझ्या फळीखाली एक रुंद, उथळ खण आहे. तो ओढला की थेट बसणाऱ्याच्या पोटाला येऊन टेकतो. त्या खणाला लाकडाचा तळ नाही, कापडाचा आहे. बारीक स्क्रू लाकडावर पडला तर टुणकन उडतो आणि कुठे जातो ते देवालाही सापडत नाही. कापडावर पडला की गपगुमान पडून राहतो. त्या खणाला आम्ही झोळी म्हणतो.

मला घडवणारे सुतारमामा मोठे नमुनेदार होते. कडा ठोकता ठोकता ते कुरकुरले, "अहो, टेबल हवंय की तुरुंग?"

"तुरुंगच करा, मामा," घड्याळजी म्हणाले. "माझे कैदी मोहरीपेक्षा बारीक आहेत आणि सगळे पळपुटे आहेत."

झोळी शिवली घड्याळजींच्या बायकोने. जुन्या पडद्याचं जाड हिरवं कापड घेऊन तिने ते दुहेरी केलं आणि कडेने पक्की शिवण घातली. ती आता नाही. मला तिची आठवण येते, कारण दर शनिवारी झोळी झटकायला तीच दुकानात यायची आणि झटकण्याआधी प्रत्येक सुरकुती बोटाने चाचपायची.

आमचं दुकान एवढंसं होतं. मी, एक खुर्ची, भिंतीवर टिकटिकणारी तीसेक घड्याळं आणि प्रत्येकाची वेळ वेगळी. गिऱ्हाईक दारात उभं राहूनच बोलायचं. एकदा एक पोस्टमन आपलं पाण्यात पडलेलं मनगटी घड्याळ घेऊन आले. घड्याळजींनी डोळ्याला भिंग लावलं, चिमट्याने एकेक चाक उचलून माझ्यावर ओळीने मांडलं आणि नेमके तेव्हाच ते शिंकले! अशी सणसणीत शिंक मी पुन्हा ऐकली नाही. चाकं चहूकडे उडाली. पोस्टमननी कपाळाला हात लावला. घड्याळजींनी मात्र शांतपणे माझ्या कडांजवळून चार चाकं वेचली, झोळीतून तीन उचलली आणि म्हणाले, "सगळी हजर." मग त्यांनी मला थोपटलं. माणसाला थोपटतात ना, अगदी तसं.

पुढे लोक घड्याळं दुरुस्त करायचं सोडून नवी घेऊ लागले आणि दुकान बंद झालं. मी घरी आलो, घड्याळजींच्या खोलीत, खिडकीपाशी. आता माझ्यावर काम थोडंच असायचं. शेजारपाजारचे लोक मनगटी घड्याळाचे सेल बदलून घ्यायला यायचे, तेवढंच. उरलेल्या वेळी माझ्यावर वर्तमानपत्रांची रद्दी, इस्त्रीचे कपडे, औषधांच्या बाटल्या, कुणाची तरी छत्री. खरं सांगतो, रद्दीचा मला फार राग यायचा.

आणि घड्याळजींचा उजवा हात थरथरू लागला. आधी थोडा, मग चांगलाच. चिमट्यात धरलेली वस्तू निसटू लागली. ते कुणाला काही बोलले नाहीत. मीही बोललो नाही, माझी कुठे बोलायची सोय होती!

अशात घरात आनंदाची बातमी आली. घड्याळजींच्या सूनबाईंना बाळ होणार होतं. सूनबाई मुलांच्या वॉर्डात नर्स आहेत. काम कसं अगदी टापटीप! सातवा महिना लागला तशी त्यांनी कंबर कसली आणि घर आवरायला काढलं. कागदाच्या चिठ्ठ्या केल्या. 'ठेवायचं', 'द्यायचं', 'टाकायचं'. रोज एक कपाट रिकामं व्हायचं आणि हॉलमध्ये तीन ढीग लागायचे. तुटकी छत्री, झाकण नसलेले डबे, डबे नसलेली झाकणं, घड्याळजींच्या मुलाची शाळेपासूनची पायमोजे जमवायची हौस, सगळं बाहेर आलं.

"अगं, हा शर्ट असू दे," मुलगा म्हणायचा.

"तू यात शेवटचा कधी मावलास?" सूनबाई विचारायच्या आणि शर्ट 'द्यायचं'मध्ये जायचा.

बाळाचं सामान घड्याळजींच्या खोलीत लावायचं ठरलं, कारण तिथे उजेड चांगला. ही कल्पना घड्याळजींचीच. "बाळ झोपलं की मी बघेन त्याच्याकडे. तुम्ही दोघं कामाला जाल तेव्हा मी आहेच," असं ते पुन्हा पुन्हा सांगायचे. एवढंच त्यांना हवं होतं, मित्रांनो. बाळाजवळ राहायचं होतं. माझ्यावर सूनबाईंनी चिठ्ठी लावली ती तीन ढिगांपैकी कुठलीच नव्हती. तिच्यावर लिहिलं होतं, 'बाबांना विचारायचं'. मला त्यांचं हे वागणं आवडलं.

एके दिवशी चहा पिताना सूनबाई वॉर्डातली एक गोष्ट सांगत होत्या. एका रांगत्या मुलाने घड्याळातला बटणाएवढा सेल गिळला होता. "केवढासा असतो हो, बाबा! पण आतून भाजतो. नशीब, वेळेवर आणलं त्याला."

घड्याळजींनी कप खाली ठेवला. ते खोलीत आले, त्यांनी दार लोटून घेतलं आणि जुने सेल ठेवायची डबी माझ्यावर पालथी केली. आत अकरा सेल असायला हवेत, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. त्यांनी मोजले. दहा. पुन्हा मोजले. दहाच.

त्यांनी डबी पुन्हा झटकून पाहिली. आत काही नव्हतं.

अकरावा सेल कुठे आहे ते मला ठाऊक होतं! आठवड्यापूर्वी तो त्यांच्या चिमट्यातून निसटला, झोळीत पडला आणि एका जागी उसवलेल्या शिवणीतून कापडाच्या दोन पदरांमध्ये शिरला. ती शिवण चाचपणारं माणूस आता घरात नव्हतं. सेल माझ्या पोटात होता, सुखरूप. पण सांगणार कसा? एवढी वर्षं मुकं असण्याचं मला कधी वाईट वाटलं नव्हतं. त्या दिवशी वाटलं.

घड्याळजींनी झोळी पाहिली, वरून हातही फिरवला, पण त्या थरथरत्या बोटांना सेल लागला नाही. त्यांची खात्रीच झाली की तो जमिनीवर पडला. मग रोज दुपारी, मुलगा-सून कामावर गेले की, ते गुडघ्यांवर बसून खोली शोधू लागले. दोरीला लोहचुंबक बांधून पलंगाखाली फिरवायचे, कपाटामागे सोडायचे. टाचण्या निघाल्या, एक जुनी किल्ली निघाली, हरवलेली केसांची पिन निघाली. सेल निघाला नाही. गुडघ्यांना सूज आली. मी समोर ठोंब्यासारखा उभा, आणि माझ्या अंगाचा नुसता तिळपापड होत होता. अहो, इकडे! इकडे बघा की!

ते कुणालाच का सांगत नव्हते, हे मला नवव्या दिवशी कळलं. जमिनीवर बसल्या बसल्या ते आपल्या हाताकडे पाहून पुटपुटले, "सूनबाईला कळलं तर ती बाळाला माझ्याजवळ ठेवायची नाही. आणि बरोबरच आहे तिचं." मग ते उठले. माझ्यावरची 'बाबांना विचारायचं' ही चिठ्ठी त्यांनी काढली आणि 'द्यायचं' ही चिठ्ठी चिकटवली. एकदा नीट चिकटेना, तर पुन्हा दाबून चिकटवली.

मला काय वाटलं ते विचारू नका.

"बाबा, नक्की?" सूनबाईंनी विचारलं. "मला वाटलं होतं, तुम्ही टेबल हलवू देणार नाही."

"जुनं झालंय गं. बाळाच्या घरात बारीकसारीक कामं नकोत," ते म्हणाले, पण नजर खिडकीबाहेर. मुलगा खूश झाला, बाबांनी ऐकलं म्हणून. सूनबाई मात्र त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या.

रविवारी जुनं फर्निचर घेणारा माणूस आला. त्याने आणि मुलाने मला उचललं. मी दारात अडकलो. आडवा केला, तरी अडकलो. मी मुद्दाम काही केलं नाही, माझी उंचीच तशी.

"खण काढून घेऊ, हलकं होईल," तो माणूस म्हणाला. त्याने मला पुन्हा चार पायांवर उभं केलं, झोळी पूर्ण बाहेर ओढली, माझ्यावर पालथी केली आणि धूळ जावी म्हणून तिच्यावर दोन सणसणीत थापा मारल्या.

टिंग!

सेल माझ्या फळीवर पडला, कडेवर उभा राहिला, चाकासारखा घरंगळत निघाला, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत मागच्या कडेवर आपटला आणि आडवा झाला.

"अकरावा!" घड्याळजी ओरडले आणि मटकन पलंगावर बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

मग सगळं बाहेर आलं. थरथरता हात, दहा सेल, लोहचुंबक, गुडघे. सूनबाई त्यांच्या शेजारी बसल्या.

"नऊ दिवस तुम्ही एकटेच शोधत होता? मला सांगितलं का नाही, बाबा?"

"सांगितलं असतं, तर तू बाळ माझ्याजवळ ठेवलं असतंस का?"

उगाच गोड बोलणं सूनबाईंच्या स्वभावात नाही. त्या म्हणाल्या, "सेल ठेवले नसते. बाळ ठेवलं असतं."

मुलाने तोंड फिरवून नाक पुसलं. फर्निचरवाला एका पायावरून दुसऱ्या पायावर होत उभा होता.

सूनबाई उठल्या आणि सेल उचलायला माझ्याजवळ आल्या. सेल उचलला, पण हात तिथेच राहिला. त्यांनी माझी मागची कड चाचपली, मग डावी, मग उजवी. त्या माझ्यासमोर ताठ उभ्या राहिल्या आणि कोपर माझ्यावर टेकवून पाहिलं. वाकावं लागलं नाही.

"अहो बाबा, बाळाचे कपडे बदलायला असं उंच टेबल शोधत मी दोन दुकानं पालथी घातली! कंबर धरून घरी आले. आणि हे इथे रद्दीखाली दडलंय होय?"

"म्हणजे, ताई," फर्निचरवाल्याने विचारलं, "मी जाऊ का?"

"थांबा हो. तो सोफा न्या, त्याची स्प्रिंग टोचते," सूनबाई म्हणाल्या. 'द्यायचं' ही चिठ्ठी त्यांनी माझ्या अंगावरून खर्रकन ओढली. अजून थोडा डिंक लागलेला आहे तिथे, पण असू दे.

त्यानंतर घड्याळजींनी आपल्या हाताने सगळी आवराआवर केली. बारीक स्क्रू, चाकं आणि अवजारं ओळखीच्या एका घड्याळजीला दिली. सेलांना एकेक करून चिकटपट्टी लावली आणि जुने सेल जमा करतात तिथे मुलाबरोबर नेऊन दिले. भिंग तेवढं ठेवलं. माझा कानाकोपरा सूनबाईंनी गरम पाण्याने पुसला, झोळीची शिवण घड्याळजींनी स्वतः घातली. टाके वाकडेतिकडे आले. हात थरथरतो ना! झोळीत आता लंगोट असतात.

आणि मग ती आली. एवढीशी, लाल, मुठी आवळलेली. माझ्यावर जाड मऊ गादी अंथरून तिला ठेवलं, तेव्हा चाळीस वर्षांत पहिल्यांदा मला भीती वाटली. सूनबाईंनी घड्याळजींना मोकळ्या बाजूला उभं केलं आणि बजावलं, "कडा असल्या तरी एक हात कायम बाळावर. काय वाट्टेल ते होवो, हात काढायचा नाही." घड्याळजींनी आपला थरथरता हात तिच्या पोटावर ठेवला. ती रडत होती, ती हळूहळू थांबली. तो हात तिला आपोआप थोपटत होता, त्याला दुसरं काही जमतच नव्हतं.

मग बाईसाहेबांनी भिजवलं. अहो, केवढं! गादी भिजली, माझ्या मागच्या कडेशी तळं साचलं आणि एक थेंबही खाली गेला नाही. घड्याळजी पोट धरून हसले. डाव्या हाताने पोट धरलं बरं का, उजवा बाळावरच होता.

मित्रांनो, तुमच्या घरीही कधी आवराआवर निघेल. खुशाल काढा ढीग. रद्दी द्या, फुटके डबे टाका, माझं काही म्हणणं नाही. संपलेला सेल मात्र इकडेतिकडे टाकू नका, लगेच मोठ्यांच्या हातात द्या. जुनी वस्तू दाराबाहेर काढण्याआधी तिचे सगळे खण एकदा पूर्ण बाहेर ओढून बघा. आणि घरातलं एखादं म्हातारं माणूस जमिनीवर बसून काही शोधत असेल, तर काय हरवलंय म्हणून विचारा आणि त्याच्या शेजारी बसा. माझ्या घड्याळजींना नऊ दिवस कुणी विचारलं नाही, कारण विचारू शकणारी माणसं घरी नव्हती आणि जो घरी होता त्याला तोंड नव्हतं.

आता रोज सकाळी ती माझ्यावर पाय झाडते आणि तिचे आजोबा भिंग डोळ्याला लावून तिच्या झबल्याची नाडी बांधतात. कधी पाच मिनिटं लागतात, कधी पंधरा. कुणालाही घाई नसते. बांधून झालं की ते तिच्या हातांची बोटं मोजतात, पायांची मोजतात आणि म्हणतात, "सगळी हजर."