चौथी पायरी

मी खुर्ची आहे, पण माझ्यावर कुणी सहज टेकलं, असं कधी झालं नाही. माझ्यावर चढावं लागतं. सहा पायऱ्या, वर फळीची बैठक, उजव्या हाताला गुणांचा कागद ठेवायला एक छोटं फळकूट आणि मागे छत्री खोवायला लोखंडी कडी. टेनिसच्या कोर्टावर जाळीच्या टोकाशी पंचांची उंच खुर्ची असते ना, ती मी. वीस वर्षं झाली, मी गोदामात पडून आहे. माझ्या पोटात एक गोष्ट आहे, आणि ती आता मला ठेववत नाही.

मला घडवणारा सुतार हाताचा पक्का आणि तोंडाचा सैल. माझ्या पायऱ्या ठोकताना त्याचा मेहुणा येऊन बसला. मेहुणा म्हटल्यावर गप्पा आल्याच. त्या नादात चौथी पायरी चार बोटं वर ठोकली गेली. लक्षात आलं तेव्हा खिळे आत गेले होते. "राहू दे," सुतार म्हणाला, "ज्याला एवढ्या उंच बसायची हौस आहे, त्याने जरा पाय उचलावा." असा माझा जन्म, व्यंगासकट.

ज्या स्पर्धेसाठी मला बनवलं ती बायकांची होती. नुसती हौशी नव्हे, व्यावसायिक. खेळ हाच ज्यांचा पोटापाण्याचा धंदा, अशा बायकांची. क्लबातल्या चार-पाच जणींनी पदर खोचून ती सुरू केली. पुरुष सभासद हसले. "बायकांचा खेळ बघायला येणार कोण?" पहिल्या वर्षी त्यांचं खरंही ठरलं म्हणा. प्रेक्षक कमी आणि कावळे जास्त! खेळायला आलेल्या मुली सभासदांच्या घरी उतरायच्या, मोरीत आपले कपडे आपण धुवायच्या आणि ओलेच घालून कोर्टावर यायच्या.

पण दहा वर्षांत चित्र पालटलं. लांबलांबच्या देशांतून मुली यायला लागल्या, बाकं पुरेनात, लोक भिंतीवर चढून बसायला लागले. येणार कोण म्हणून विचारणारे तेच गृहस्थ रांगेत सगळ्यात पुढे. मी वरून बघायची आणि मनात म्हणायची, काय हो, आलात ना?

आणि काय काय बघितलं मी! दोन खेळांच्या मध्ये मुली माझ्या पायाशी बाकावर येऊन बसतात. तिथे माणूस खरा दिसतो. कुणी केळं खातं, कुणी स्वतःलाच शिव्या घालतं, कुणी टॉवेलात तोंड खुपसून रडतं. वेळ झाली की तोंड पुसून अशी उठते, की तुम्हाला वाटावं हिच्या बापजन्मात ही कधी रडली नसेल.

माझ्यावर पुष्कळ पंच बसून गेले. पण माझी म्हणावी अशी एकच, पंचबाई. एरवी शाळेत भूगोल शिकवायच्या आणि वर्षातला तो एक आठवडा रजा टाकून माझ्याकडे यायच्या. सलग एकोणीस वर्षं. माझी चौथी पायरी सगळ्यांना नडायची, कितीजण तिथे ठेचकाळले. बाईंच्या पायाला मात्र ती पाठ होती. त्या खाली न बघता उतरायच्या.

त्याला कारण होतं. आमचं कोर्ट लाल मातीचं. चेंडू पडला की मातीत खूण उमटते. खेळाडूला शंका आली की पंचांनी खाली उतरायचं, जाऊन खूण बघायची आणि चेंडू रेघेच्या आत पडला की बाहेर ते सांगायचं. रेघेला नुसता शिवला तरी तो आत. पण एका कोपऱ्यात अशा दहा खुणा असतात. त्यातली आत्ताची कुठली, हे ओळखायचं तर वरूनच तिच्यावर नजर चिकटवायची आणि ती न हलवता खाली यायचं. नजर हलली की खूण हरवली. बाई वर्गातल्या पोरांवर ठेवतात तशी त्या खुणेवर नजर ठेवायच्या. एकोणीस वर्षांत एकदाही चुकल्या नाहीत. मुली आपसात म्हणायच्या, "बाईंनी बघून सांगितलं ना? मग वाद घालू नकोस, दम वाया जाईल."

माझं दुसरं माणूस म्हणजे भाऊ. मातीची सगळी निगा त्यांच्याकडे. पहाटे पाणी मारायचे, दुपारी माती सारखी करायला तागाचं पोतं, म्हणजे नुसता ताग, ओढायचे, रेघा झाडायचे. मला दर वर्षी तेलपाणी तेच करायचे. आणि त्यांच्याच घरी दर वर्षी उतरायची ती डावरी.

ती डाव्या हाताने खेळायची म्हणून सगळे तिला डावरीच म्हणायचे. बस चालवणाऱ्याची मुलगी. पहिल्यांदा आली तेव्हा सतरा वर्षांची होती, आणि पहिल्याच फेरीत हरून टॉवेलात शिरली. पुढच्या वर्षी दोन फेऱ्या टिकली. त्याच्या पुढच्या वर्षी तीन. सर्व्हिस करण्याआधी रॅकेटने डाव्या बुटाची टाच दोनदा ठोकायची तिची सवय. टक्‌ टक्‌. आणि तिचा हुकमी फटका म्हणजे लांबच्या कोपऱ्यात, अगदी रेघेवर. भाऊ म्हणायचे, "अगं पोरी, वीतभर आत मार की, जीव टांगणीला का लावतेस?" ती हसून म्हणायची, "काका, मला रेघ दिसते हो. मग आत कशाला मारू?"

सहाव्या वर्षी ती अंतिम सामन्यात पोचली.

त्या दिवशी बडे पाहुणे यायचे होते. भाऊंच्या मनात आलं, बाईंचा गुडघा हल्ली दुखतो, आज कुणासमोर ठेच लागायला नको. सकाळी त्यांनी हातोडी घेतली, माझी चौथी पायरी काढली आणि चार बोटं खाली घेऊन सरळ ठोकली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! इतक्या वर्षांचं व्यंग गेलं. करायला गेले एक आणि झालं भलतंच, ते हे असं. बाई पाहुण्यांच्या नमस्कारांना मान डोलावत चढल्या, त्या गडबडीत त्यांना काही जाणवलं नाही. भाऊही रेघा झाडण्याच्या गडबडीत सांगायचं विसरले.

तिसरा सेट, शेवटचा खेळ. टेनिसमध्ये दोघींचे गुण चाळीस-चाळीस झाले की त्याला ड्यूस म्हणतात. तिथून सलग दोन गुण मिळवील ती जिंकली. त्या दिवशी चारदा ड्यूस झाला. मग समोरचीने एक गुण घेतला. आणखी एक मिळाला की कप तिचा.

डावरीने लांबच्या कोपऱ्यात तो आपला फटका मारला. समोरची जागची हलली नाही, रॅकेटही लागली नाही. रेघेवरचा पंच ओरडला, "आउट!"

डावरीने हात वर केला. "बाई, बघता का?"

बाई उतरायला लागल्या. एक हात माझ्या दांडीवर, नजर त्या कोपऱ्यात. सहावी पायरी, पाचवी. मग त्यांचा पाय चौथी शोधायला जुन्या जागी गेला आणि तिथे काहीच नव्हतं. पाय हवेत गेला, बाई कलंडल्या, दोन्ही हातांनी मला धरलं आणि खाली बघितलं. क्षणभरच. परत वर बघितलं तेव्हा त्या कोपऱ्यात दोन खुणा होत्या.

समोरची मुलगी तोवर एका खुणेकडे रॅकेट करून उभी होती. तिच्या मनात पाप नव्हतं, तिला तीच वाटली. बाई तिथे गेल्या, वाकल्या. ती खूण रेघेबाहेर बोटभर होती. बाईंनी बोट वर केलं. आउट.

मला वरून दोन्ही दिसत होत्या. चुकीची खूण, बाई, ती नव्हे! पण लाकडाला तोंड कुठलं? सामना संपला. डावरीने हात मिळवला, एकदा त्या कोपऱ्याकडे बघितलं आणि बाईंना म्हणाली, "येते बाई. पुढच्या वर्षी."

कप दिला, फोटो झाले, लोक पांगले. संध्याकाळी भाऊ ताग ओढायला आले ते त्या कोपऱ्याशी थबकले. त्यांनी तिथे बादली उपडी घातली आणि बाईंना हाक मारली.

"बाई, जरा येता?"

बादली उचलली. बाई दुखऱ्या गुडघ्यावर बसल्या.

"ही ताजी," भाऊ म्हणाले. "कड बघा, अजून मोडलेली नाही. तुम्ही बघितलीत ती आधीची कधीतरीची."

बाईंनी ताज्या खुणेच्या कडेने बोट फिरवलं. "रेघेला लागलीय."

"चांगलीच."

बाईंनी मागे वळून माझ्याकडे बघितलं. विचारलं, "पायरी कुणी हलवली, भाऊ?"

भाऊंचा चेहरा उतरला. "मीच. म्हटलं, तुमचा गुडघा..."

"असू दे. हात तुमचे असतील, डोळे माझे होते."

"सांगून टाका तिला, बाई. घरी बॅग भरतेय अजून. मी बोलावून आणतो."

"आज नको. निकाल काही बदलत नाही. मग जखमेवर मीठ कशाला? पुढच्या वर्षी येईल, तेव्हा समोर बसवून सांगीन."

"अहो, पण..."

"शपथ आहे तुम्हाला माझी. मी सांगेपर्यंत तुम्ही बोलायचं नाही."

मीठ चोळायचं नव्हतं हे खरं, पण ते अर्धंच. बाई घाबरल्या होत्या. एकोणीस वर्षांचं नाव एका बोटाने पुसलं जाणार होतं. माझा त्यांच्यावर जीव आहे, म्हणून काही मी खोटं बोलणार नाही.

पुढचं वर्ष आलंच नाही. थंडीत स्पर्धांचं वेळापत्रक ठरवणाऱ्या संघटनेचं पत्र आलं. वर्षाच्या वेळापत्रकातला आमचा आठवडा दुसऱ्या एका मोठ्या शहराला दिला होता. तिथे मोठं स्टेडियम होतं, पाठीशी मोठी कंपनी होती. क्लबाचे अध्यक्ष म्हणाले, "यंदा नाही, पण पुढच्या वर्षी बघू." असं ते तीन वर्षं म्हणाले, मग म्हणायचंही थांबले. सत्तावीस वर्षांची स्पर्धा, आणि तिला कुणी निरोपसुद्धा दिला नाही. बंद झाली असं कुणी म्हणालं नाही, नुसती झाली नाही.

बाईंनी डावरीला दोन पत्रं लिहिली. दोन्ही परत आली. त्या पत्त्यावर आता कुणी राहत नव्हतं. मग बाईंनी क्लबात येणं सोडलं. आणि मी? बल्ब बदलायला, रंग द्यायला, लग्नाच्या माळा टांगायला. शेवटी फाटक्या जाळीशेजारी गोदामात.

यंदा कोर्ट उखडलं. तिथे गाड्या उभ्या राहणार आहेत. गोदामही पडणार, म्हणून गेल्या आठवड्यात भाऊ मला बघायला आले. बरोबर काठी टेकत पंचबाई. केस पांढरे, गुडघे पार गेलेले. पण माझ्या दांडीवर हात ठेवला तो तोच हात.

"भाऊ, ती कुठे असेल हो?"

भाऊ खाली बघून म्हणाले, "येऊन गेली, बाई. मागच्या महिन्यात."

"आणि मला आत्ता सांगताय?"

"काय सांगू? उखडलेल्या कोर्टावर उभी राहिली. म्हणाली, काका, तो शेवटचा चेंडू मला आत दिसला होता हो, अगदी रेघेवर. पण बाई स्वतः उतरून बघून आल्या, म्हणजे प्रश्नच मिटला. म्हटलं, आपलीच नजर गेली. त्यानंतर रेघेजवळ मारायला हात धजेना. दोन वर्षं आत आत मारत राहिले, हरत राहिले, मग सोडलं."

बाईंच्या हातातली काठी पडली. "आणि तुम्ही काय म्हणालात?"

"मी म्हटलं, चहा घेतेस का." भाऊंनी वाकून काठी उचलली. "शपथ घातली होतीत ना तुम्ही. नंबर मागायचंही सुचलं नाही हो. तिच्यापुढे मान वर करवेना."

बाईंनी माझ्या पहिल्या पायरीवर पाय ठेवला. "बाई, पडाल!" भाऊ धावले. बाईंनी ऐकलं नाही. एक, दोन, तीन. चौथ्या पायरीला त्यांचा पाय चार बोटं वर उचलला गेला, जुन्या जागी. मग हळूच खाली आला. वर पोचल्या, बसल्या, धाप लागलेली. पंचाला आपली चूक कळली की तो 'करेक्शन' म्हणतो आणि खरं ते सांगतो, असा नियम आहे. बाईंनी एकोणीस वर्षांत तो शब्द उच्चारला नव्हता.

"करेक्शन," बाई त्या अडगळीला म्हणाल्या, मोठ्याने, जुन्या आवाजात. "चेंडू आत. ड्यूस."

आणि माझ्या फळकुटावर डोकं टेकून रडल्या. बाईंना रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. त्यांना तोंड पुसायला टॉवेलसुद्धा नव्हता.

उद्या मला सरपणात काढतील. काढू देत. पण तुम्ही चार ठिकाणी हिंडता-फिरता. चाळिशी ओलांडलेली, डावखुरी, उभी असताना बुटाची टाच दोनदा ठोकणारी एखादी बाई भेटली, आणि 'माझी नजर तेव्हाच गेली' असं हसत म्हणाली, तर तिला थांबवा. तिला म्हणावं, सामना संपलेला नाही, अजून ड्यूसच आहे. पंचबाईंनी स्वतः चढून सांगितलंय. चूक पायरीची झाली, भाऊंची झाली, बाईंची झाली. तुझे डोळे धड होते गं, पोरी. तुला रेघ दिसत होती.