अर्धा ओठ

ताणलेला पांढरा दोरा, आणि त्याच्या पिळात अडकलेला एक काळा केस... हा माझाच, आत्तापर्यंत माझ्या ओठावर होता आणि आता कचरा झाला, असं मनात आलं आणि पुष्पांजलीच्या डोळ्यांतून टचकन पाणी आलं. दुखलं म्हणून, असं छकुलीला वाटलं.

"हालू नको वं," दातातला दोरा सोडून छकुली म्हणाली. चुलतबहीण असली तरी आज ती पार्लरवाली होती. "डावीकडचं झालं. इकडचं राह्यलं."

दुपारी साक्षगंध, म्हणजे साखरपुडा. देऊळघाटचे पाहुणे निघालेसुद्धा होते. मुलगा, गोपाल, तिला आवडला होता. पण काल त्याच्या बहिणीचा, अन्नपूर्णाचा, आईला फोन आला — ओठावरचं न् हातावरचं तेवढं काढून घ्या, फोटोत दिसते. आधीची दोन स्थळं कारण न सांगताच गेली होती. यांनी निदान सांगितलं म्हणून आई उलट खूश! हे निघालं नाही तर लग्न मोडेल, असं सकाळपासून तिने तीनदा बजावलं होतं.

निघालं नाही तर... आई जन्मापासून काढतेच आहे. दुधात मळलेल्या कणकेचा गोळा अंगावरून फिरवला की बाळाची लव जाते, सगळ्यांनाच करतात, पण माझं म्हणे वर्षभर चाललं; मग सातवीत हळद-बेसन, कॉलेजात गरम मेण, आणि दर वेळी ती परत उगवली, निमूट, हट्टी... आणि मी, डोणगावच्या शाळेतली बाई, फळ्यावर भागाकार शिकवताना एप्रिलच्या उन्हात बाही मनगटापर्यंत ओढून घेते. आणि बाबा? बाबा ओसरीत बनियनवर खुर्च्या मांडत होते. त्यांच्या हातावर हेच केस, हाच मनगटाकडचा भोवरा. त्यांना कुणी फोन केला नव्हता. तिला राग आला, चांगला सणकून आला.

"बस," ती उठली.

"अर्धं तोंड घेऊन जाशीन का पाहुण्यांसमोर?" आई दारातून ओरडली. "लोक काय म्हणतीन?"

"म्हणू दे. माह्या तोंडावरचं हाये, माय. मले नाही काढाचं."

आई रडली. छकुलीने सामान आवरलं.

ती पाटावर बसली. गोपाल समोर होता. हे मोडलं तर वाईट वाटणार होतं, खोटं कशाला बोला. अन्नपूर्णा कुंकू लावायला वाकली, तिने हनुवटी धरून चेहरा वर केला... आणि कुंकवाचं बोट हवेतच थांबलं. आता बोल, पुष्पांजली मनात म्हणाली, बोलून तर बघ! उत्तर अगदी तयार होतं.

तेवढ्यात तिला दिसलं. वीतभर अंतरावर अन्नपूर्णाचा वरचा ओठ — लालसर, बारीक पुरळ उठलेला, वर पावडर थापलेली. आजच सकाळी काढलेलं असणार. हिला कुणी सांगितलं असेल? सासूने? नवऱ्याने? की आता कुणी सांगावंही लागत नाही... तयार ठेवलेलं उत्तर कुठल्या कुठे गेलं. राग गेला नाही. पण तो या एका बाईवर काढण्याएवढा लहान राहिला नव्हता.

मागे आईच्या बांगड्या वाजायच्या थांबल्या. पुष्पांजलीने मान खाली घातली नाही. उजवी बाजू उजेडाकडे केली आणि अन्नपूर्णाच्या डोळ्यांत बघत राहिली. भीती वाटत होती. लाज मात्र शोधूनही सापडेना.