एमोकेच्या लग्नातलं गुयाश

आमच्या मैदानी मुलखात गुराख्याला गुयाश म्हणतात आणि त्याच्या कढईत शिजणाऱ्या मांसाच्या लालभडक रश्शालाही गुयाशच म्हणतात. माझे दाजी अम्ब्रुश दोन्ही बाबतींत नावाजलेले. गावात कुणाचंही लग्न असो, अंगणात तिवई रोवून तिला त्यांची कढई टांगल्याशिवाय वऱ्हाडाला जेवल्यासारखं वाटायचं नाही. आता तर त्यांच्या स्वतःच्या लेकीचं लग्न. एमोकेचं झोम्बोरशी ठरलं तसा त्यांनी कळपातला एक गोऱ्हा वेगळा काढला आणि माझ्या बहिणीला, एतेल्काला, बजावलं, "त्या दिवशी मला कोट घालायला सांगू नकोस. मी चुलीपाशी असणार."

लग्न आठवड्यावर आलं आणि एका गाईच्या तोंडातून लाळ गळायला लागली. जिभेवर फोड. लाळ्या-खुरकूत. दाजींनी आपणहून जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. संध्याकाळपर्यंत गोठ्याच्या फाटकावर पोलीस उभा होता आणि रस्त्यावर औषधात भिजवलेल्या चटया अंथरल्या होत्या. हुकूम आला : साथ पसरू नये म्हणून सगळा कळप मारून पुरायचा, निरोगी असतील तीही. मांसाचा तुकडा बाहेर जाता कामा नये आणि दाजींनीही फाटक ओलांडायचं नाही. मायलेकी गावातल्या घरी होत्या म्हणून बाहेर राहिल्या.

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं फाटकापाशी गेलो. दाजी आतल्या बाजूला, बरेच लांब उभे होते.

"बाबा, आपण लग्न पुढे ढकलू," एमोके म्हणाली.

"कशाला? झोम्बोरच्या लांबच्या पाहुण्यांनी डोंगरापलीकडून यायची तिकिटं काढलीसुद्धा. आणि लग्न नवरदेवावाचून अडतं, बापावाचून नाही."

"आणि गुयाश?"

दाजींनी माझ्याकडे बोट केलं. "हा लोरिंत्स करील."

"मामा? मामाला अंडं उकडता येत नाही."

"मी फोनवर सांगतो ना. गाढवाला सांगितलं तरी जमेल."

एतेल्का हसली आणि हसता हसताच तिने तोंडाला डोईच्या रुमालाचं टोक लावलं. मी बस चालवणारा माणूस. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

लग्न नदीपलीकडे, झोम्बोरच्या गावी होतं. तिथे बंदी नव्हती. शनिवारी सकाळी त्याच्या अंगणात मी विस्तव केला. मांस शहरातून आणलेलं. पालथ्या बादलीवर फोन ठेवला आणि आवाज मोठा केला.

"चरबी वितळली?" दाजी विचारत होते. "आता कांदा. अजून घाल, कंजूसपणा करू नकोस. आता कढई खाली उतरव आणि मग पाप्रिकेची लाल पूड. विस्तवावर घातलीस तर कडू होईल."

मी मांस घातलं, शहाजिरं घातलं. तेवढ्यात तिकडून कुणाचा तरी आवाज आला. दाजी म्हणाले, "थांब. मला बोलावतायत."

मारणारे लोक त्याच सकाळी आले होते, हे मला तेव्हा कळलं. पांढऱ्या झग्यातली माणसं बघून गुरं बिथरली होती. डॉक्टरीणबाई दाजींना म्हणत होत्या, "अम्ब्रुशकाका, तुम्ही पुढे उभे राहिलात तर ती शांतपणे येतील. नाहीतर फार हाल होतील त्यांचे."

फोन त्यांच्या खिशात चालूच होता. त्यांची हाक ऐकू आली, रोज गाईंना चरायला नेतानाची. "ये, सेल्लो. ये बाई, ये." मग चिखलात खुरांचा आवाज. मग लोखंडी दार लागल्याचा.

थोड्या वेळाने ते माझ्याशी बोलले. "पाणी सुटलं का मांसाला?"

"दाजी, ठेवा फोन. मी करतो कसंतरी."

"नको. तू बोलत राहा. चमच्याने ढवळू नकोस, कढईचा कान धरून हिसका दे."

मी बोलत राहिलो. मध्येच ते "थांब" म्हणत, हाक मारत आणि परत येत. मांस मऊ झालं का, विचारत. एमोके केस बांधून झाल्यावर बाहेर आली आणि माझ्या मागे उभी राहिली. तिने किती ऐकलं, कुणास ठाऊक. एतेल्का तिचा दंड धरून तिला आत घेऊन गेली. दुपार व्हायच्या आत दाजी म्हणाले, "झालं माझं. तुझं?"

"माझंही झालं."

लोकांनी दोनदोनदा वाढून घेतलं आणि माझी पाठ थोपटली. मला त्यांच्याकडे बघवेना. जेवणं उरकल्यावर एमोके झोम्बोरला म्हणाली, "बाबांसाठी घेऊन जायचंय." तिने डबा भरला आणि आम्ही निघालो.

गोठ्याकडून आवाज नव्हता. आत वस्तू न्यायला हरकत नव्हती, बाहेर काही येत नव्हतं. पोलिसाने डबा फाटकाच्या आत ठेवला. दाजी आले. त्यांचे कपडे जाळले होते. अंगावर कुणाचातरी ढगळ डगला होता.

"छान दिसतेस," ते लेकीला म्हणाले.

"जेवा ना, बाबा."

त्यांनी झाकण काढलं, वास घेतला. "पाप्रिका करपली नाही. शाबास, लोरिंत्स." मग झाकण घट्ट लावलं. "नंतर खाईन."

"दोन घास खा. माझ्यासमोर."

"आज नाही गं जमायचं."

तिने तारेचं कुंपण धरलं. "मी आत येऊ?"

"आलीस तर तुलाही बाहेर जाता येणार नाही."

"बाई, तारेला हात लावू नका," पोलीस म्हणाला. मुलगा भला होता, त्याने खाली बघत सांगितलं. एमोकेने हात काढला. पांढऱ्या बाह्यांवर गंज लागला होता. झोम्बोर तिला गाडीकडे घेऊन गेला तेव्हा दाजी डबा दोन्ही हातांत धरून तसेच उभे होते.

पुढे त्यांना सोडलं. शरदात नवी गुरं आणायची परवानगीही आली. त्यांनी आणली नाहीत. एकदा ते माझ्या बसमध्ये चढले आणि माझ्या पाठीमागच्या सीटवर बसले. म्हणाले, "लोरिंत्स, एकही अडली नाही रे. प्रत्येक गाय हाकेला आली."

पुढच्या थांब्यावर ते उतरले.