नदीपलीकडची सभा

सभेला परवानगी मिळाली खरी, पण कुठे? तर नदीपलीकडच्या बंद पडलेल्या लाकडाच्या वखारीत, आणि तीही भर जानेवारीत! वर त्याच दिवशी पुलावरच्या बस 'दुरुस्तीसाठी' बंद. तो हुकूम वाचून क्लावदिया स्तेपानोव्ना खो खो हसत सुटली.

"हसतेस काय?" तिचा नवरा ग्लेब वैतागला. "तिथे लांडगेसुद्धा फिरकणार नाहीत."

"लांडग्यांना मताचा अधिकार कुठाय!"

आयुष्यभर तिने शाळेत भौतिकशास्त्र शिकवलं. महापौरांच्या मेहुण्याने बांधलेलं शाळेचं छप्पर कोसळलं, तेव्हा ती गप्प बसली नाही; नोकरी गेली. नगरपरिषदेला दोनदा उभी राहिली; दोन्ही वेळा समर्थकांच्या सह्या खोट्या ठरवून अर्ज बाद केला. चौकात एकटीच फलक धरून उभी राहायची आणि ओळखीची माणसं मान खाली घालून निघून जायची. आता गावातलं एकुलतं एक प्रसूतिगृहच बंद होणार होतं; त्याच्याच विरोधात ही सभा.

रविवारी दोघं घसरगाडीवर कर्णा लादून वखारीत पोचली. तिथे होती फक्त पोलिसांची गाडी आणि कप्तान रुस्लान, तिचाच जुना विद्यार्थी.

"बाई, घरी जा ना. गारठून मराल."

"वर्गातही तुला असंच घरी जायची घाई असायची रे."

तेवढ्यात ग्लेबने तिची बाही खेचली. "क्लावा, अगं, नदीकडे बघ!"

गोठलेल्या नदीवर माणसांची नुसती रीघ लागली होती! कुणी स्कीवर, कुणी पायी, कुणी पोरांना घसरगाडीत घालून. एक आजी गरम कचोऱ्यांचं भांडं शालीत गुंडाळून आणत होती. पुढून कुणीतरी ओरडलं, "बाई, बस बंद केली, नदी कशी बंद करतील?"

क्लावदियाने कर्णा तोंडाला लावला. थंडीने तो मुका झाला होता. मग ती ओंडक्यावर चढून ओरडू लागली. पुढचे लोक तिचं वाक्य मागच्यांना सांगत आणि ते लाटेसारखं पार काठापर्यंत जाई.

"आमच्या लेकीसुनांनी बाळंत कुठे व्हायचं?"

"इथेच! आपल्या गावात!"

अंगात वीज संचारल्यासारखं झालं तिला. थंडी कसली नि काय!

सभा संपताच रुस्लान जवळ आला. "चला बाई. वरून फोन आलाय." मग अगदी हळू, "माझी बायकोही आहे या गर्दीत."

"पाहिली मी. दिवस भरत आलेत तिचे. आधी तिला घरी सोड, मग मला ने."

रुस्लानचे कान लालबुंद झाले.

तिला दोन आठवड्यांची कोठडी झाली. ती सुटली तोवर प्रसूतिगृह बंद करण्याचा हुकूम मागे घेतला गेला होता. शरद ऋतूत तिने पुन्हा अर्ज भरला. या खेपेला सही करणारे स्वतः निवडणूक कचेरीत जाऊन सांगू लागले, "बघा नीट, ही सही माझीच!" अर्ज टिकला आणि ती दणक्यात निवडून आली.

पहिल्याच बैठकीत ती शाळेच्या छपराचा हिशेब मागायला उभी राहिली. "बसा, बसा," अध्यक्ष खेकसले.

ती बसली नाही.